पुढचे पुस्तक कोण सुचवणार : गुडरीड्स की स्टोरीग्राफ?

हातातले पुस्तक संपल्यावर पुढे काय वाचावे, हे सुचवणाऱ्या संकेतस्थळांत गुडरीड्स सर्वांत परिचित आहे. ते २००७ साली सुरू झाले आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतले. तेथे किमान वीस पुस्तकांना तारे दिल्यावर वैयक्तिक शिफारशी मिळू लागतात. त्यामागचा हिशेब मुख्यतः असा, की तुम्हाला आवडलेली पुस्तके ज्यांना आवडली, त्यांनी आणखी काय वाचले. साहजिकच आधीच गाजलेली पुस्तके पुनःपुन्हा समोर येतात.

नादिया ओडुनायो यांनी उभारलेले स्टोरीग्राफ वाचकाचा कल निराळ्या रीतीने विचारते. पुस्तक गंभीर हवे की हलकेफुलके, संथ की वेगवान, तीनशे पानांच्या आतले की चांगले जाडजूड, हे ठरवून यादी गाळता येते. गुडरीड्सवर तारे पूर्णांकातच द्यावे लागतात, येथे पाव ताऱ्याचीही सोय असल्याने ‘तीन द्यावेत की चार’ हा नेहमीचा पेच सुटतो. शिवाय गुडरीड्सवरील नोंदी फाइलरूपाने येथे आणता येतात.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र दोन्हींची मात्रा फारशी चालत नाही. एकच पुस्तक देवनागरी आणि रोमन लिपीत स्वतंत्रपणे नोंदले गेले, की मुळातच मोजके असलेले अभिप्राय विभागले जातात आणि जुळवाजुळव करायला यंत्रापाशी सामग्रीच उरत नाही. म्हणून इंग्रजी वाचनासाठी मी स्टोरीग्राफ निवडेन. मराठीसाठी गुडरीड्सवरील एखाद्या चोखंदळ वाचकाची यादी चाळणे अधिक फलदायी ठरते.