घोड्याच्या कंडरेच्या दुखापतीत आइस बूट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शो जंपिंगच्या सरावात अडथळ्यावरून उतरताना आमच्या नऊ वर्षांच्या तारा या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची मागची शीर जानेवारीत भरली. नळीच्या मागच्या बाजूला धनुष्यासारखा फुगवटा आला होता आणि तिथे बोट टेकताच ती पाय ओढून घेत होती. सातव्या दिवशी पशुवैद्यकांनी सोनोग्राफी केली, तेव्हा सुपरफिशियल डिजिटल फ्लेक्सर टेंडनच्या, म्हणजे त्वचेलगतच्या कंडरेच्या गाभ्यात काळा डाग, म्हणजे तंतू फाटल्याची खूण, स्पष्ट दिसला. जेलच्या पिशव्या बसणारा आइस बूट मी त्याच आठवड्यात घेतला.

आमचे मोतद्दार काका तिला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेच्या पाण्यात उभी करा म्हणत होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण कसबा बावड्यातील तबेल्यापासून नदीपर्यंत नेऊन आणायचे म्हणजे चालणे आलेच, आणि पहिले तीन आठवडे तिने तबेल्याबाहेर पाऊल टाकायचे नव्हते. जागच्या जागी पाय थंड करता येणे हाच या बुटाचा सर्वांत मोठा उपयोग ठरला. पायावर ओले सुती फडके गुंडाळून, त्यावर बूट बांधून, दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे हा क्रम आम्ही ठेवला आणि दहा-बारा दिवसांत सूज उतरली.

उणिवाही आहेत. फ्रीजरमधून काढलेल्या पिशव्या पाटीसारख्या कडक असतात आणि नेमक्या दुखऱ्या जागेवर टोचतात, म्हणून त्या पाच मिनिटे बाहेर ठेवून हाताने चोळून मऊ कराव्या लागतात. एप्रिलच्या उन्हात बाराव्या मिनिटाला त्यांचा गारवा संपे, तेव्हा पिशव्यांचा दुसरा संच घेणे भाग पडले. वेल्क्रोत कडब्याची कुसे अडकून पट्टे सैल होतात. जुलैच्या पावसात तर आतले कापड दोन-दोन दिवस वाळत नव्हते. ओलसर बूट पुन्हा बांधल्याने कातडी खराब होईल, या भीतीने आम्ही तो रोज पंख्याखाली ठेवला.

मात्र माझी खरी चूक मे महिन्यात झाली. दुडकी चाल पाच मिनिटांवरून दहा मिनिटांवर नेली, लगेच बूट बांधला आणि तो काढल्यावर पाय गार लागतो आहे, हे पाहून मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा गरम आणि जाड लागली. सोनोग्राफीत नवी फाट दिसली नाही, तरी दोन आठवडे पुन्हा नुसत्या चालण्यावर यावे लागले. दोष बुटाचा नव्हता. गार केलेल्या पायावरून मी प्रकृतीचा अंदाज बांधला, तिथे चुकलो. तेव्हापासून सकाळी, बूट बांधण्याआधी, हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय ताडून पाहतो. मग पाय उचलून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कंडरा वरून खालपर्यंत हलके दाबतो आणि जे जाणवले ते वहीत लिहितो.

गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आणि वेदना कमी होते. पण त्याने तुटलेले तंतू सांधले जात नाहीत. नवे तंतू आधी अस्ताव्यस्त तयार होतात आणि मोजका ताण मिळत गेला तरच ओढीच्या दिशेने रांगेत बसतात, ज्याला नऊ महिने ते वर्षही लागते. म्हणून चौथ्या आठवड्यापासून हाताने धरून दिवसातून दोनदा पाच मिनिटे चालवणे, दर आठवड्याला त्यात पाच मिनिटांची भर आणि प्रत्येक मोठ्या टप्प्याआधी सोनोग्राफी, हा पशुवैद्यकांनी आखलेला क्रम आम्ही मोडला नाही. मेमधली घाई तेवढी माझी होती. भरधाव दौडीत कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे कामानंतर पाय थंड करण्याची सवय तारा बरी झाल्यावरही मी सोडणार नाही.

नव्या दुखापतीसाठी हा बूट जरूर घ्यावा, पण पिशव्यांचे दोन संच असतील तरच. तारा आता दोन्ही हातांवर, म्हणजे डाव्या आणि उजव्या वळणाने, तीन-तीन मिनिटे मंद दौड करते. पुढची सोनोग्राफी ऑक्टोबरमध्ये आहे. तोवर अडथळ्यांचे दांडे कोठीतच राहतील.