क्यूटमधील नावावरून होणारी जोडणी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईच्या लोहार चाळीतील विद्युत साहित्याच्या एका दुकानासाठी बिले करण्याचा डेस्कटॉप प्रोग्राम मी गेले आठ महिने सी प्लस प्लस ही भाषा आणि क्यूट (विंडो, बटणे असे पडद्यावरील घटक बनवण्याचा तयार कोडसंच) वापरून लिहीत आहे. या काळात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो बटण आणि ते दाबल्यावर चालणारे फंक्शन (म्हणजेच ‘स्लॉट’) यांच्या आपोआप होणाऱ्या जोडणीने.

क्यूटचा कोड लिहिण्याच्या ‘क्यूट क्रिएटर’ या प्रोग्राममध्ये बटणावर राइट क्लिक करून ‘गो टू स्लॉट’ निवडले की ‘ऑन’, बटणाचे नाव आणि ‘क्लिक्ड’ हे अंडरस्कोरने जोडलेले फंक्शन तयार होते. दोघांना जोडणारी ‘कनेक्ट’ची ओळ कुठेच नसते, तरी बटण चालते. याचे कारण असे की विंडोतील घटक मांडणारे ‘सेटअपयूआय’ हे फंक्शन अगदी शेवटी ‘कनेक्टस्लॉट्सबायनेम’ला बोलावते आणि ते विंडोमधील घटकांची नावे फंक्शनांच्या नावांशी ताडून पाहते. साहजिकच, त्यानंतर कोडमधून तयार केलेले बटण या जोडणीत येत नाही. पहिले दोन महिने ही सोय मला फार आवडली.

मग एका दुपारी दुकानातून फोन आला, की ‘छापा’ एकदा दाबले तरी बिलाच्या दोन प्रती निघतात. प्रिंटरचा ड्रायव्हर तपासण्यात संध्याकाळ गेली. दोष माझ्या कोडमध्येच होता: आपोआप जोडले गेलेले फंक्शन मी कन्स्ट्रक्टरमध्ये (विंडो तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) हाताने पुन्हा कनेक्ट केले होते, आणि क्यूट दोन्ही जोडण्या इमानाने पाळत होते.

याहून त्रासदायक प्रकार नाव बदलल्यावर होतो. डिझायनरमध्ये (विंडोची मांडणी करण्याच्या भागात) बटणाचे नाव बदलले आणि फंक्शनचे तसेच राहिले, तर कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) काहीच बोलत नाही. प्रोग्राम चालू होताना जुळणारा सिग्नल (बटण दाबल्यासारख्या घटनेची खबर) नसल्याची सूचना तेवढी कन्सोलवर, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, येते, आणि दुकानातल्या विंडोज संगणकावर कन्सोल उघडलेलाच नसतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना मुके झालेले बटण मला फार लागले.

२०१२ मध्ये आलेल्या क्यूट ५ पासून फंक्शन पॉइंटर, म्हणजे नावाच्या मजकुराऐवजी फंक्शनचा थेट निर्देश, देऊन कनेक्ट करता येते. त्यात नाव चुकले तर कंपाइल होतानाच कळते. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण कोणते बटण कुठे जोडले आहे हे सहा महिन्यांनीही एका जागी वाचता येते, म्हणून मी हीच पद्धत स्वीकारली आहे. शिकताना किंवा दोन-तीन बटणांच्या विंडोसाठी आपोआप जोडणी खुशाल वापरावी. माझ्या १४ पैकी ९ विंडो बदलून झाल्या आहेत आणि त्यांच्या बाबतीत डिझायनरमधील मांडणीपासून कोड बनवणाऱ्या ‘यूआयसी’ला आपोआप जोडणी बंद करणारा ‘नो-ऑटोकनेक्शन’ हा पर्याय दिला आहे.