मिताहार रबाळ्याला उडाला

दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तरी दोन मुलं एक फोल्डिंगचं टेबल लावून पत्ते विकत होती. डब्याची किंमत 480. मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका आडत्याकडे हिशेब लिहिते, त्यामुळे सांगितला तो भाव देणं माझ्या हाताला जमतच नाही. 450 ला घेतला. बनवणाऱ्यांचं नाव इथे लिहीत नाही. उणीदुणी काढणार आहे, आणि पोरांचा पहिलाच धंदा आहे.

डब्यात 56 पत्ते. सात पापांचे, सात पुण्यांचे आणि 42 पात्रांचे. पापं ख्रिस्ती परंपरेतली: गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. त्यांच्यासमोर नम्रता, दानत, शुचिता, सद्भाव, मिताहार, सहनशीलता, उद्योग. पात्रं मात्र सगळीकडची. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला इयागो आहे, डिकन्सचा कंजूष स्क्रूज आहे, कर्ण-दुर्योधन आहेत, ‘शारदा’तले कांचनभट आणि भुजंगनाथ आहेत, ‘एकच प्याला’तली जवळजवळ सगळी मंडळी आहेत आणि पुलंचा नारायणही आहे.

खेळ सोपा आहे. पुण्याचे सात पत्ते उघडे मांडायचे. मधे एक पाप उलटायचं. हातातल्या पाच पात्रांपैकी एक टाकायचं आणि त्याच्या हातून ते पाप कधी घडलं तो प्रसंग दोन वाक्यांत सांगायचा. दुसऱ्या कुणाला त्याच पात्राचा उलटा प्रसंग आठवला तर तिने समोरचं पुण्य उचलून ‘काट’ म्हणायचं. प्रसंग खरा की ओढूनताणून आणलेला, हे उरलेल्यांनी ठरवायचं.

आम्ही चौघी हा डाव ठाणे-वाशी गाडीत खेळतो. ही लाइन 2004 मध्ये सुरू झाली तेव्हापासून मी या गाडीत आहे आणि आमच्या डब्यात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. मी आणि बँकेतल्या मॅडम ठाण्याला बसतो, ऐरोलीवाली ऐरोलीला चढते आणि कोपरखैरणेच्या मावशी कोपरखैरणेला, म्हणजे त्या आल्यावर जेमतेम तीन स्टेशनं उरतात. तरी सर्वांत जास्त काट त्यांच्याच. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर कीर्तनं ऐकली ती वाया नाही गेली.

आधी वस्तूबद्दल. पत्ते दिसायला देखणे आहेत. चित्रं हाताने काढलेली आहेत, तळीरामाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या तर अशा की माणूस ओळखीचा वाटावा. पण लॅमिनेशन इतकं गुळगुळीत आहे की ओढणीवर मांडले तर घसरतात आणि पर्सवर मांडले तर पंख्याने उडतात. डब्याचं झाकण आठवड्यात फाटलं, आता रबर लावलंय. एका पत्त्यावर ‘मत्सर’च्या जागी ‘मस्तर’ छापलंय. त्यावर मॅडम रोज हसतात, मला एकदाच हसू आलं.

सोबतचं माहितीपत्रक मात्र पैसे वसूल करणारं आहे. चौथ्या शतकात इव्हाग्रिअस नावाच्या संन्याशाने मनात येणाऱ्या आठ वाईट विचारांची यादी केली, सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी त्यांची सात केली आणि गर्वाला सगळ्यांचं मूळ मानलं, हे त्यात आहे. आपल्या षड्रिपूंशी तुलनाही आहे. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर ही पाच दोन्हीकडे सापडतात. मोहाला तिकडे जोडीदार नाही. आणि खादाडपणा व आळस आपण शत्रूंत धरलेच नाहीत! कुंभकर्णाच्या गोष्टी सांगून पोरांना झोपवणाऱ्यांना ते कसं सुचावं म्हणा.

आळसाबद्दलचा मजकूर मी दोनदा वाचला. तो मुळात लोळत पडण्याचा आळस नव्हता म्हणे. वाळवंटात एकट्याने राहणाऱ्या साधकाला भर दुपारी जो उबग येतो, सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, ही कोठडी सोडून कुठेतरी निघून जावं असं वाटतं, तो. मी हे मार्केटातच वाचत होते. दुपारचे तीन, गाड्या खाली झालेल्या, माथाडी गोणींवर आडवे, शेठ फोनवर, आणि मी समोरच्या पानावर एकच रक्कम तिसऱ्यांदा बेरजेला घेतलेली. कुणी चौथ्या शतकात हे लिहून ठेवलंय, हे कळल्यावर बरं वाटलं.

इटालियन कवी दान्तेचाही एक परिच्छेद आहे. त्याच्या शुद्धीच्या डोंगरावर पापागणिक एक अशी सात वळणं आहेत. गर्विष्ठ पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात, आळशी धावत सुटलेले असतात, आणि मत्सर करणाऱ्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या असतात. ऐरोलीवालीने हे वाचून फोन उलटा ठेवला. नुकतीच ती कुणाच्या तरी नव्या फ्लॅटचे फोटो बघत होती.

आता तक्रार. प्रत्येक पात्राच्या कोपऱ्यात एक रंगीत ठिपका आहे. म्हणजे हे पात्र कोणत्या पापाचं किंवा पुण्याचं, ते बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलंय, आणि ठिपक्याप्रमाणे खेळलात तर दोन गुण जास्त. या दोन गुणांनी सगळा घोटाळा केलाय.

कुंभकर्णच घ्या. ठिपका आळसाचा. अहो, त्याची झोप ब्रह्मदेवाच्या वराने गळ्यात पडलेली. आणि जागं केल्यावर त्याने काय केलं? रावणाला तोंडावर चूक सांगितली आणि तरीही भावासाठी रणांगणावर गेला. मावशींनी पहिल्याच दिवशी ‘उद्योग’ उचलून काट दिली. नियमाप्रमाणे काट बरोबर, पण ठिपक्याचे दोन गुण मॅडमनाच मिळाले. मावशी सानपाड्यापर्यंत बोलल्या नाहीत.

नारायणाचा ठिपका उद्योगाचा. यावर वाद नाही. कुणाचंही लग्न असो, शालूपासून आचाऱ्यापर्यंत सगळं तोच बघणार. पण मांडव उतरला की तो कुणालाच आठवत नाही, हे या पत्त्यावर कुठे आहे? मला विचाराल तर नारायणाला ‘गर्व’वर टाकता येतं. माझ्याशिवाय यांचं पान हलणार नाही, हा गर्वच की. मी तसं टाकलं आणि कुणालाही काट सुचली नाही. त्या दिवशी मी जिंकले, पण घरी गेल्यावर जाऊबाईंचा फोन आला, मुंजीचं आमंत्रण होतं, आणि मी आपणहून म्हणाले की वाटपाचं माझ्याकडे सोपवा.

सर्वांत लांबलेला वाद ‘एकच प्याला’तल्या सिंधूचा. तो तीन दिवस चालला. तिच्यावर ठिपका सहनशीलतेचा. दारूच्या पायी नवरा सुधाकर धुळीला मिळतो आणि ती दळण दळून संसार ओढते. मॅडम म्हणाल्या, सहनशीलतेला यापेक्षा मोठं उदाहरण मराठीत दाखवा. ऐरोलीवाली चोवीस वर्षांची आहे. ती म्हणाली, “मॅडम, भाऊ न्यायला आलेला असताना ही जात नाही, याला मी पुण्य म्हणणार नाही. त्याचा ग्लास हिच्या गप्प बसण्याने भरतो.”

मॅडम म्हणाल्या, “1919 सालचं नाटक आहे गं ते.”

“मग ठिपका आत्ता कशाला छापला?”

मावशी कोपरखैरणेला चढल्या तेव्हा हे चाललं होतं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, पत्ता हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, “आमचे हे बावीस वर्षं प्यायले. मी पण कुठे गेले नाही. पण ते सहनशीलता वगैरे काही नव्हतं. दोन पोरं होती आणि खोली सासूच्या नावावर होती.” तुर्भे गेलं. मग त्याच म्हणाल्या, “टाका आता, कुणाची पाळी?”

तो पत्ता आम्ही आता कशावरही टाकतो. एकदा ऐरोलीवालीने तो चक्क ‘क्रोध’वर टाकला. प्रसंग तिला सांगता आला नाही म्हणून बाद झाला, पण मावशी म्हणाल्या, सांगता आला नाही म्हणजे नव्हता असं नाही.

‘नटसम्राट’मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांचा पत्ता या संचातला सर्वांत चांगला. ठिपका गर्वाचा. आयुष्यभराची कमाई मुलांत वाटून टाकली, तर ‘दानत’ म्हणून काट बसायला हवी. मी तशी दिलीही. मॅडमनी विचारलं, “देऊन टाकलं की देऊन दाखवलं?” शेक्सपिअरचा लिअरही याच संचात आहे, आणि त्याचं तर उघड आहे: माझ्यावर किती प्रेम आहे ते आधी बोलून दाखवा, मग राज्य घ्या. आप्पासाहेबांनी तसा सौदा केला नाही. तरी रंगमंचावर टाळ्या घ्यायची सवय असलेला माणूस घरात शेवटची टाळी घ्यायला गेला असेल का? मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या वहीत एकच रक्कम एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा पडते, आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात. या पत्त्याला दोन ठिपके हवे होते.

कांचनभटावर मात्र वाद नाही. लेक विकायला काढलेला बाप, लोभ, विषय संपला. आश्चर्य एवढंच की ते लग्न जमवणारा भद्रेश्वर दीक्षित या संचातच नाही. मधला माणूस नेहमी सुटतो. आमच्या मार्केटात निदान पावतीवर त्याचं नाव असतं.

इयागोच्या पत्त्यावर प्रसंग चांगला निवडलाय: बढती त्याच्याऐवजी कॅसिओला मिळाली, आणि तिथून सगळं. देवलांनी ऑथेल्लोचं ‘झुंझारराव’ केलं हेही खाली बारीक अक्षरांत आहे. भुजंगनाथ, स्क्रूज ठीक. दुर्योधनावर अख्खा अर्धा पत्ता मजकूर आहे, कुणी वाचत नाही.

मिताहाराची वेगळी गंमत. त्याचा ठिपका फक्त एका पात्रावर आहे, सुदाम्यावर. मला हे पटलं नाही. सुदामा कमी खायचा कारण घरात नव्हतं. उपाशी माणसाला मिताहारी म्हणणं हा पोट भरलेल्याचा हिशेब झाला. खादाडपणावर बकासुर आहे. तिथे भीम टाकून बघा, मजा येते. एकचक्रा नगरीतून बकासुरासाठी निघालेलं गाडाभर अन्न भीम त्याच्यासमोर बसून स्वतःच खातो. अन्न तेच, गाडा तोच. मग एक राक्षस आणि दुसरा वृकोदर म्हणून कौतुकाचा? त्याच्यावर मिताहाराने काट देणं तर कुणाच्या बापाला शक्य नाही. गोष्टींना बेताने खाणारी माणसं आवडत नसावीत. त्यामुळे तो पत्ता आमच्यात कुणी उचलतच नव्हतं, आणि रबाळ्याला दारातून वारा आला तेव्हा तो नेमका कधी उडाला हे तुर्भ्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

बनवणाऱ्यांना मेसेज केला. एकवीस दिवसांनी उत्तर आलं की सुटा पत्ता मिळत नाही, नवा संच घ्या, तुम्हाला 430 ला देऊ. हे मला आवडलं नाही. 56 पत्त्यांच्या खेळात एक हरवणारच, चार कोरे पत्ते जादा द्यायला काय हरकत होती?

घरी खेळायला घेणार असाल तर आणखी एक. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. तो म्हणाला, “मावशी, यात फुलमेटल अल्केमिस्ट का नाही?” त्या जपानी चित्रकथेत सात पापांच्या नावांचीच सात पात्रं आहेत, आणि त्यातला आळस सगळ्यांत वेगाने पळतो. लोभाला शेवटी काय हवं असतं, तर मित्र. हे ऐकल्यावर मला वाटलं, ठिपका कसा द्यायचा ते त्या चित्रकर्तीला कळलंय: नाव द्यायचं आणि मग पात्राला त्या नावाशी भांडू द्यायचं. पोरांना खेळवायचं असेल तर त्यांना त्यांची पात्रं कोऱ्या कागदावर लिहून घालू द्या. नाहीतर ‘भावबंधन’ आणि ‘संशयकल्लोळ’च्या पत्त्यांवर ती जांभया देतील, माझ्या घरी दिल्या.

तर घ्यावा का? चौघी असाल, गाडीत बसायला जागा मिळत असेल आणि आपापसात थोडं भांडायची तयारी असेल तर जरूर. दोघांत खेळ रंगत नाही, निवाडा करायला कुणी उरत नाही. सहाजणांत आरडाओरडा होतो. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा ठिपक्यांमुळे कापला, अर्धा लॅमिनेशनमुळे आणि अर्धा त्या एकवीस दिवसांमुळे. ठिपक्यांवर आम्ही आता नेलपॉलिश लावलंय, लाल. त्याचा वास आठवडाभर पत्त्यांच्या डब्यात होता.

मिताहाराच्या जागी मी वजनकाट्याची एक जुनी पावती दुमडून ठेवलीये. तिच्यावर एका गोणीचं भरतीचं आणि निव्वळ वजन आहे. काल मावशींनी ती पहिल्यांदा उचलली, स्क्रूजवर. आम्ही तिघी म्हणालो, स्क्रूजचा आणि खाण्याचा काय संबंध? त्या म्हणाल्या, पैसा असून बेताचं जेवायचा की नाही? मग उतरायची घाई झाली. निवाडा उद्या.