अप्पा बळवंत चौकातून आणलेलं सूर्यमालेचं मॉडेल : वर्षं बरोबर, दिवसांचा सगळा घोळ

लेकीच्या वाढदिवसाला म्हणून पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका गल्लीतून हँडल फिरवायचं सूर्यमालेचं किट आणलं, साडेअठराशे रुपये, एमडीएफचे गिअर, पितळी दांड्या, ग्रह म्हणून रंगवलेले लाकडी मणी आणि मधे सूर्याच्या जागी एलईडी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार आहे आणि किट काही त्यांनी बनवलेलं नाही. बुध ते शनी सहाच ग्रह मिळतात, युरेनस नेपच्यून फक्त खोक्यावरच्या चित्रात.

मी भोसरीत गिअर कापण्यात वीस वर्षं घालवलीयत, त्यामुळे खोकं उघडल्यावर पुस्तिका बाजूला टाकून आधी दाते मोजायला बसलो, बायको म्हणाली घरी पण तेच का. पण ज्याने कुणी हे डिझाईन केलंय त्याला मानलं बुवा. हँडलचा एक फेरा म्हणजे पृथ्वीचं एक वर्ष. शुक्राची जोडी ५२ आणि ३२ दात्यांची, म्हणजे पृथ्वीच्या ८ फेऱ्यांत शुक्राच्या १३. खरा हिशोब लावा, आपली ८ वर्षं २९२२ दिवसांची, शुक्राच्या १३ फेऱ्या २९२१ दिवसांच्या, लाकडी गिअरकडून याहून जास्त काय पाहिजे! बुधाला तर ८३ आणि २०, म्हणजे पृथ्वीच्या २० फेऱ्यांत बुधाच्या ८३. ८३ दात्यांचा गिअर कुणी हौसेने कापत नाही, तो मुद्दाम काढलेला असतो. गुरूला मात्र सरळ १२ वर सोडलंय, खरा आकडा ११.८६, आणि त्याच्याच शाफ्टवर ५:२ ची जोडी लावून शनी ३० वर नेलाय, तो खरा साडेएकोणतीसच्या आसपास.

ते ३० ऐकून आई खूश. तीस वर्षं, बारा राशी, एकीला अडीच, तीन राशींची साडेसात, साडेसातीचा हिशोब तिने हँडलला हात न लावता सांगून टाकला. मग गुरू बारा वर्षांनी परत सिंहेत येतो म्हणून नाशिकला सिंहस्थ, हे पण लेकीला तिनेच सांगितलं, मी नाही. शनीची एक फेरी बघायला हँडल तीस वेळा फिरवावं लागतं आणि तेराव्या चौदाव्या फेऱ्याला गिअर घट्ट होतात, पॉलिश पेपरने दाते घासून थोडी मेणबत्ती चोळा, जमतं.

लेकीने विचारलं की लांबच्या ग्रहाचा रस्ता मोठा म्हणून वर्ष मोठं, एवढंच ना? एवढंच नाही. नेपच्यूनचा रस्ता आपल्यापेक्षा साधारण ३० पट लांब, मग वर्ष पण ३० पट पाहिजे होतं, पण ते आहे १६५ पट, कारण तो चालतोच हळू. आपण सेकंदाला ३० किलोमीटरच्या आसपास, बुध ४७, नेपच्यून साडेपाचसुद्धा नाही. लांब गेलं की सूर्याची ओढ कमी होते, तिथे तेवढाच वेग पुरतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ मधे हा नियम छापला, वर्षाचा वर्ग म्हणजे अंतराचा घन, गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब, त्याचा घन काढा, त्याचं वर्गमूळ काढा, ११.८६ येतं, मोबाईलवर करून बघा. ग्रह केवढा जड याच्याशी संबंध नाही, गुरूच्या जागी बुंदीचा लाडू ठेवला तरी त्यालाही तेवढीच वर्षं लागतील.

इथपर्यंत किटला पाच स्टार. आता तक्रार. मणी स्वतःभोवती फिरतच नाहीत, दांडीला चिकटवलेत, म्हणजे दिवस नावाची गोष्टच या मॉडेलमधे नाही. वर पुस्तिकेत लिहिलंय "बुधाचा दिवस ५९ दिवसांचा, वर्ष ८८ दिवसांचं". लेक म्हणाली, बाबा म्हणजे तिथे वर्षात दीड दिवस? चूक तिची नाही, पुस्तिकेची. ५९ दिवसांत बुध स्वतःभोवती एक गिरकी घेतो, पण दिवस म्हणजे माध्यान्ह ते माध्यान्ह, आणि गिरकी घेता घेता तो सूर्याभोवती पुढे पण सरकलेला असतो. मी बुधाचा मणी दांडीवरून उपटला, बायकोची एक टिकली लावली आणि टिकली दिव्याकडे धरून सुरू केलं. एक पूर्ण वर्ष, दीड गिरकी, टिकली दिव्याच्या बरोबर उलटी, म्हणजे मध्यरात्र. अजून एक वर्ष, एकूण तीन गिरक्या, टिकली परत दिव्यासमोर. एक दिवस १७६ दिवसांचा, म्हणजे दोन वर्षांचा! लेकीने लगेच हिशोब केला की तिथे एका दिवसात दोन वाढदिवस. आपल्याकडे हा फरक फक्त चार मिनिटांचा, गिरकी २३ तास ५६ मिनिटांची आणि दिवस २४ तासांचा, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आर्यभटाच्या लक्षात आला होता, पण त्याच्याशी कोण स्पर्धा करणार.

शुक्र तर उलटाच फिरतो, २४३ दिवसांची गिरकी, वर्ष २२५ दिवसांचं, पण उलटा असल्याने सूर्योदय ते सूर्योदय ११७ दिवसच, आणि सूर्य उगवतो पश्चिमेला. पुस्तिकेत यातलं काही नाही.

मी म्हटलं आपणच मण्यांना गिअर लावू, आणि कागदावर आकडे मांडल्यावर कळलं की वर्षासारखा एक नियम इथे लागतच नाही. ज्याचा त्याचा इतिहास. गुरू एवढा अवाढव्य आणि दहा तासांच्या आत गिरकी, कारण बनताना चहूकडून ओढलेल्या वायूने आपली फिरकी बरोबर आणली. मंगळ २४ तास ३७ मिनिटं, आपल्या जवळपास, पण तो निव्वळ योगायोग. बुधाला सूर्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीने ब्रेक लागला, आपल्याला चंद्र ब्रेक लावतोय, शंभर वर्षांत दिवस दोनेक मिलीसेकंदांनी लांबतो आणि चंद्र दर वर्षी ३.८ सेंटीमीटर लांब जातो. बुधाच्या मण्याला गिअर लावला असता, पण त्या मण्यात जागा कुठे आहे.

तर घ्या, सहावीच्या पुढच्या मुलांना घ्या, पुस्तिका फेकून द्या. फक्त दुकानातच खोकं उघडून गिअर मोजा, सतरा पाहिजेत, आमच्यात सोळाच होते, मंगळाचा ३४ दात्यांचा नव्हता. दोन खेपा घालून मिळाला, दोन्ही वेळा गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात गुरूची एक गिरकी झाली असती.