धान्याचं किट की किराण्याचं कूपन? ठाण्यातल्या सोसायट्यांसाठी

दिवाळी जवळ आली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरायला लागतो. यंदा वर्गणी काढून वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या मावशी आणि मागच्या वस्तीतली काही घरं यांना द्यायचं काय? मिठाईचा बॉक्स नको, एवढं आता बहुतेकांना पटलेलं असतं. मग गाडी येऊन थांबते ती दोन पर्यायांवर: तांदूळ, आटा, डाळ, तेल भरलेलं किट, किंवा जवळच्या किराणा दुकानात चालेल असं कूपन. आमच्या वर्तकनगरकडच्या सोसायटीत दोन्ही करून झालंय आणि वर्गणीचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून आजूबाजूच्या कमिट्यांमधले लोक मला विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

किटची बाजू लंगडी नाही, हे आधी सांगतो. जांभळी नाक्यावरून किंवा थेट वाशीच्या एपीएमसीतून घाऊक माल उचलला की तेवढ्याच वर्गणीत चार घरं जास्त बसतात. बिल एक, व्यापारी एक, हिशेब अर्ध्या पानात. वर्गणीदाराला आपले पैसे क्लब हाउसमध्ये रचलेले दिसतात आणि पुढच्या वर्षी तो पाकीट लवकर काढतो. महागाईचा मुद्दाही किटच्याच बाजूनं जातो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या वर गेली होती, ते आठवत असेल. भाव असा उसळला की कूपन आक्रसतं, किटमधली किलोभर डाळ मात्र किलोभरच राहते. झळ लागते ती वाटणाऱ्याला. गरिबाला वस्तू द्यावी की पैसा, या जुन्या वादात वस्तूच्या बाजूनं याहून भक्कम मुद्दा मला तरी माहीत नाही.

मग अडलं कुठे? तांदळापाशी.

आमच्या किटमध्ये दहा किलो तांदूळ हा अलिखित नियम होता. तांदळानं पिशवी भरल्यासारखी वाटते, फोटोत बरी दिसते, आणि दात्यांपैकी कुणीतरी 'तांदूळ माझ्याकडून' म्हणतंच. आता ही पिशवी घेणारीच्या बाजूनं बघा. वाटप रविवारी सकाळी, कारण कमिटी तेव्हाच मोकळी असते. पण रविवारी सगळी घरं भरलेली, म्हणजे मावशींना सर्वांत जास्त काम त्याच दिवशी. दोन घरांच्या मध्ये कशीबशी येऊन ती रांगेत उभी राहते आणि पंधरा-सोळा किलोची पिशवी कमरेवर घेऊन लोकमान्य नगरला निघते. शेअर रिक्षावाला पिशवीचे वेगळे पैसे मागतो. येऊरच्या पाड्यावरून येणारीला बसमधून उतरल्यावर पुढे पायवाट असते. एवढं करून घरी पोचल्यावर कोपऱ्यात रेशनचा तांदूळ असतोच!

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पाच माणसांचं घर असेल तर गहू-तांदूळ मिळून २५ किलो. कुणी म्हणेल, तेवढं पुरतं कुठे? बरोबर आहे. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी माणूस महिन्याला साधारण सव्वानऊ किलो तृणधान्य खातो असं दिसलं होतं. म्हणजे कागदावर चार किलोंची जागा उरते. पण ती जागा घरोघरी कशानं भरते? पोळीला बऱ्यापैकी गहू, भाकरीची ज्वारी, पोहे, रवा, सणावाराला थोडा कोलम. आमच्या किटमधल्या घाऊक तांदळानं ती भरत नव्हती. तो जायचा इडलीचं पीठ विकणाऱ्याकडे किंवा परत एखाद्या दुकानात, निम्म्या-पाऊण भावात.

हर्मन साउथवर्थ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९४५ मध्येच हे नीट मांडून ठेवलं आहे. घर जी वस्तू तशीही विकत घेणार होतं तेवढीच तुम्ही दिलीत, तर ती पैशासारखीच वागते, कारण वाचलेला पैसा दुसरीकडे जातो. त्याहून जास्त दिलीत, की वरच्या भागाची घेणाऱ्याच्या लेखी किंमत घसरते. आम्ही नेमके त्या वरच्या भागावर दरवर्षी वर्गणी ओतत होतो. एका मावशींनी तर तोंडावर सांगितलं, "काका, तांदूळ राहू द्या तुमच्याकडे, त्याच्या जागी तेलाची एक पिशवी जास्त द्या." मी हे बैठकीत ठेवलं. उत्तर आलं की तांदळाचे दाते ठरलेले आहेत, त्यांना नाही कसं म्हणायचं? पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इतर कुरबुरी मी सोसल्या असत्या, या तांदळानं मात्र माझा किटमधला जीव गेला.

यात एक गंमतही आहे. रेशनच्या तांदळाला लोक नाकं मुरडतात, त्यात पाण्यावर तरंगणारे दाणे दिसले की 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून व्हिडिओ फिरायचे. ते दाणे असायचे फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक घातलेल्या तांदळाचे, शंभर किलोला एक किलो या प्रमाणात मिसळलेले. त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ असतं. आमच्या किटमधल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात यातलं काही घातलेलं नव्हतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलंय. त्यांच्या घरी आपण कमी सत्त्वाचा तांदूळ जास्त वजनानं पाठवत होतो.

डाळीचंही बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत माणसाला दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत आणि तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त उष्मांक येऊ नयेत असं म्हटलं आहे. चौघांच्या घराला हे ३४० ग्रॅम झाले. किटमधली किलोभर तूरडाळ म्हणजे जेमतेम तीन दिवस. दहा किलो तांदूळ आणि एक किलो डाळ हे प्रमाण कुणी ठरवलं, देव जाणे. सरकारनं २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. तांदूळ नव्हता. आमच्या कमिटीपेक्षा तिथे जास्त विचार झाला असावा.

आता कूपन. आमचं कूपन म्हणजे सोसायटीचा शिक्का मारलेले अडीचशेचे चार कागद. दुकान वस्तीजवळचं, शेठ ओळखीचे. खाण्याची कुठलीही वस्तू चालेल, साबण चालेल, तंबाखू-गुटखा आणि कोल्ड्रिंक नाही. पैसे शेठना महिनाअखेरीस, बिलं पाहून. वाटपाला पाच मिनिटं लागतात, मावशी कामावर येते तेव्हाच कागद हातात. रांग नाही, फोटो नाही, रिक्षा नाही. सामान ती आपल्या सवडीनं, उचलेल तेवढंच, दोन-तीन खेपांत नेते.

बिलांवरून मला जे दिसलं ते मोजमाप म्हणून धरू नका. पण तेल जवळपास प्रत्येक बिलात होतं. मग तूर, मसूर, शेंगदाणे, साखर, चहा पावडर. दुकानात अंडी होती तिथे अंडी. तांदूळ क्वचित, आणि घेतला तर कोलम. बिस्किटंही होती, आणि त्यावरून बैठकीत एकानं 'यासाठी का वर्गणी दिली?' असं विचारलं. अंड्यांवरून तर चहाची दुसरी फेरी झाली. लहान पोरं असलेल्या घरात दिवाळीला बिस्किटाचा पुडा येणारच, असं माझं मत. तुमच्या कमिटीत ते पटेलच असं नाही.

कूपनची खरी खोट वेगळीच निघाली. काही जणींचे कागद शेठनी जुन्या उधारीत वळते करून घेतले. कमिटीत लगेच गहजब, हे काय पोषण झालं? मी थोडा विचार केला. उधारी होती ती तेला-डाळीचीच, आधीच खाल्लेल्या. ती फिटली म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा मिळायला लागेल. तरी ज्या बाईला उधारी फेडायची नव्हती तिच्यावर जबरदस्ती नको, म्हणून शेठशी बोलून ठरवलं की चारपैकी फार तर एकच कागद खात्यावर, तोही तिनं सांगितलं तरच. दुसरी खोट भावाची. घाऊक आणि किरकोळ भावातलं अंतर कूपनमध्ये आपण दुकानदाराला देतो, हे खरंच. ठरावीक गिऱ्हाईक मिळतंय म्हटल्यावर शेठनी तेलावर आणि डाळीवर थोडं कमी केलं, पण घाऊकची बरोबरी नाही ती नाहीच.

हा सामना नीट मोजूनही झालाय, फक्त फार लांब, इक्वेडोरमध्ये. २०११ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमानं तिथल्या उत्तर भागात कोलंबियन निर्वासित आणि गरीब स्थानिक कुटुंबांना महिन्याला ४० डॉलर किमतीची मदत सहा महिने दिली. काहींना धान्य, काहींना ठरलेल्या यादीतल्या वस्तूंसाठी सुपरमार्केटची कूपनं, काहींना रोख. तिन्हींनी खाणं सुधारलं. धान्यानं उष्मांक सर्वांत जास्त वाढले, कूपननं ताटातली विविधता. धान्य पोचवण्याचा खर्च मात्र बाकी दोन्हींच्या तिपटीहून जास्त पडला. पोटच भरत नसेल तिथे धान्य, आणि पोट भरतं पण पोषण कमी पडतं तिथे कूपन, असं मी त्यातून माझ्यापुरतं वाचलं. आमच्या वस्तीत भात बहुतेक घरी शिजतो, कमी पडतं ते त्याच्यावर घालायचं.

थेट पैशांबद्दल थोडक्यात. तत्त्वतः तेच सर्वांत सोपं आणि इक्वेडोरमध्ये घेणाऱ्यांची पसंतीही रोखीलाच जास्त होती. पण आमच्याकडे बऱ्याच जणींचा यूपीआयचा नंबर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर. एकीच्या खात्यात पैसे पडले आणि कमी शिलकीचा दंड म्हणून बँकेनं त्यातले काही उचलले. शिवाय वर्गणीदार बिल मागतो. तुमच्याकडे माणसं ठरलेली आणि भरवशाची असतील, तर पाकिटात घालून रोख द्या, मी आड येणार नाही.

किट कुणाला द्यावं? ज्यांच्याकडे इथलं रेशन पोचत नाही त्यांना. घोडबंदर रोडवरच्या बांधकामांच्या लेबर कॅम्पमधली माणसं घ्या. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे गावचं कार्ड इथे चालतं, पण ज्याचं नावच गावच्या कार्डावर नाही त्याला त्याचा उपयोग काय? धान्य कायद्याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेला, त्यात शहरी महाराष्ट्रातले ४५ टक्केच लोक बसतात. आणि प्राधान्य कुटुंबासाठी शहरातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० धरलेली. महिन्याला पाच हजार कमावणारं घरसुद्धा नियमानं तिच्याबाहेर! म्हणून केशरी कार्ड असूनही धान्य न मिळणारी घरं तुमच्या यादीत निघतील. यादी करताना एवढंच विचारा: रेशनला धान्य मिळतं का? 'नाही' म्हणणाऱ्यांना किट खुशाल द्या, तांदळासकट. त्यातही दहाऐवजी पाच किलो तांदूळ, आणि उरलेल्या पैशांत डाळ, शेंगदाणे, तेल.

बाकीच्यांसाठी माझा कल कूपनकडे, हे एव्हाना कळलंच असेल. शेठशी बोलताना भाव आणि उधारीचं आधीच कागदावर घ्या, आणि कूपन महिन्याच्या १८ तारखेनंतर चालेल अशी तारीख त्यावर टाका. पगार सातपर्यंत होतो आणि तिसऱ्या आठवड्यात संपतो. तोवर तेलाची बाटली तळाला लागलेली असते.