कार्यशाळा की दर आठवड्याचा गट? नववी-दहावीच्या पालकांसाठी

निरोगी मैत्री कशी असते, कुणाला नाही कसं म्हणायचं आणि याचा आपल्या झोपेशी, भुकेशी, अभ्यासाशी काय संबंध, हे मुलांना कुणीतरी नीट शिकवावं असं वाटतं, तेव्हा नाशिकमध्ये साधारण दोन पर्याय समोर येतात. शाळेत किंवा क्लासमध्ये होणारी एक दिवसाची कार्यशाळा, नाहीतर एखाद्या समुपदेशकाकडे दर शनिवारी भरणारा सात-आठ मुलामुलींचा गट. आमच्या चिरंजीवांचं दोन्ही करून झालंय. ‘आम्ही घरीच बोलू’ हा तिसरा पर्याय. तो जरूर चालू ठेवा, पण चौदा वर्षांचा मुलगा बापाशी दिवसाकाठी जेवढं बोलतो, त्यात हा विषय मावत नाही.

कार्यशाळेला नावं ठेवणार नाही. कायद्याचा भाग तिथे फारच चांगला झाला. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, लैंगिक संबंधांत १८ वर्षांखालच्या मुलांची संमती धरत नाही, आणि वर्गातल्या कुणाचा तसला फोटो नुसता पुढे पाठवला तरी गुन्हा होतो, हे ऐकून आलेला मुलगा त्या रात्री फोन बाजूला ठेवून जेवला. हार्वर्डचा १९३८ पासून चाललेला अभ्यासही पडद्यावर दाखवला होता म्हणे. हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं यांच्या आयुष्याचा माग दशकानुदशकं घेतला, तेव्हा माणसं जवळची असणं आणि म्हातारपणी तब्येत चांगली राहणं यांचा घट्ट संबंध दिसला. माहिती खरी आणि मोलाचीच, पण नववीतल्या पोराला ऐंशीव्या वर्षाची काळजी कशी असेल? फी मात्र नाममात्र होती, आणि संध्याकाळी द्वारका चौकातून गाडी काढायची नव्हती. हेही कमी नाही.

माझं बिनसलं ते चिठ्ठ्यांवरून. प्रश्न निनावी लिहून डब्यात टाका, असं मुलांना सांगितलं होतं. वक्त्यांच्या हाती जाण्याआधी त्या चिठ्ठ्या वर्गशिक्षिकेने चाळल्या, ‘अयोग्य’ वाटल्या त्या बाजूला काढल्या. आता वर्षभर ज्यांच्या वह्या तपासल्या त्यांचं अक्षर बाईंना ओळखू येणार नाही? मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे डब्यातून निघालं काय, तर ‘अभ्यासात मन कसं लावावं’ आणि ‘रागावर नियंत्रण कसं मिळवावं’. दोन तास भाषण, अर्धा तास अशी शंकानिरसनं, मग प्रमाणपत्र आणि फोटो. बाईंचा हेतू वाईट नसेल, पालकांच्या तक्रारींची धास्ती त्यांनाही असतेच. पण ‘मी ब्लॉक केलं तर तो हाताची नस कापीन म्हणतो’ असा प्रश्न कुणाच्या मनात असेल, तर तो त्या डब्यात पडणं शक्यच नव्हतं. आणि हा सगळा खटाटोप त्याच प्रश्नासाठी ना?

गटात चिठ्ठी नाहीच. तिथे एक ताई आणि एक दादा असतात, शाळेशी दोघांचाही संबंध नाही, आणि सुरुवात प्रेमप्रकरणांपासून होत नाही, साध्या मैत्रीपासून होते. मित्राने इन्स्टाचा पासवर्ड मागितला तर द्यायचा का, यावर त्यांचा एक अख्खा शनिवार गेला. त्या रात्री जेवताना चिरंजीवांनी विचारलं, “बाबा, तुम्ही आईचा फोन बघता का?” उत्तर आईनेच दिलं. आमच्या मुलाचा एक मित्र रात्री साडेअकराला मेसेज करायचा आणि लगेच उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी अबोला. आता मुलगा ‘उद्या बोलू’ लिहून झोपतो. मित्र टिकलाय, सकाळची पोटदुखी थांबलीय. गटामुळेच थांबली असं छातीठोक सांगता येणार नाही, वयही वाढतंच आहे.

गटाच्या अडचणी खऱ्या आहेत. खर्च जास्त, आणि दहावीच्या क्लासच्या वेळा आडव्या येतात. सुरुवातीला मुलगा ‘बोअर आहे’ म्हणत होता. समुपदेशक निवडताना एक गोष्ट जरूर विचारा: गुप्तता कुठपर्यंत? लैंगिक अत्याचाराची बाब कानावर आली तर ती पोलिसांना कळवणं पोक्सोनुसार बंधनकारक आहे. ‘मुलं काहीही बोलली तरी आम्ही कुणालाच सांगत नाही’ असं छाती फुगवून सांगणाऱ्याकडे मी मुलाला पाठवणार नाही. ही मर्यादा पहिल्याच दिवशी मुलांना सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

तुमची मुलगी बोलकी असेल, चारचौघांत हात वर करून विचारणारी असेल, तर कार्यशाळेतूनही तिला बरंच मिळेल. अबोल मुलासाठी मी गटच सुचवीन. बोलक्यासाठीही बहुधा तोच.

खर्च झेपणारा नसेल तर आधी शाळेत चौकशी करा. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात परस्परसंबंध हा ११ विषयांपैकी एक आहे आणि त्यासाठी प्रत्येक शाळेत दोन शिक्षक तयार करणं अपेक्षित आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक या नावाने १० ते १९ वयोगटासाठी समुपदेशन मिळतं, तेही मोफत. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये त्यालाच सेव्ह करायला सांगा.