जिम, घर की तालीम? वजन उतरवताना कोणती कसरत टिकते

सिन्नरहून परतणारी कंपनीची बस नाशिकच्या द्वारका चौकात अडकली की बसमध्ये परिषद भरते. गेल्या महिन्यात शेजारच्या सीटवरच्या पोराने विचारलं, "दादा, वजन उतरवायचंय. जिम लावू, घरी डंबेल आणू, का तुम्ही जायचात तसं तालमीत जाऊ?" वय ३१, वजन ९४, साखर काठावर. मी म्हटलं, "आधी एक सांग. थर्ड शिफ्टचा आठवडा आहे, गुरुवार आहे. सकाळी सव्वाआठला घरी पोचलास, डोळे चुरचुरताहेत, डाएटमुळे पोटात कावळे ओरडताहेत. त्या दिवशी यातलं काय होईल तुझ्याकडून?"

तो हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मी तिन्ही करून बसलोय, म्हणून हा प्रश्न विचारू शकतो. वय ४४, सिडकोत राहतो, ९१ किलोवरून ७९ वर यायला ११ महिने लागले. त्याच्या आधीचा एक प्रयत्न साफ फसला होता. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आल्यावर घाबरून मी फक्त जेवण कापलं आणि रोज गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारल्या. आठ किलो उतरले. पण गाल बसले, भेटेल तो "आजारी होतास का रे?" विचारायचा, आणि भरलेला सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर नेताना मध्ये टेकवायला लागला. पुढच्या दिवाळीपर्यंत आठचे नऊ होऊन परत आले.

चूक चालण्यात नव्हती. खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. ताकदीचा व्यायाम नसेल तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबी सोडून इतर ऐवजाचा असू शकतो. वजन उचलत राहिलं की शरीराला कळतं, हा माल लागतोय, याला हात लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीच्या व्यायामाचा आहे, म्हणजे मागणी काही फार मोठी नाही. अडचण ते दोन-तीन दिवस वर्षभर पाळण्याची. पोट भरलेलं असताना कोणीही पाळतो. रोज चारशे-पाचशे कॅलरी कमी खाऊन, झोप अर्धवट असताना पाळायचं, ही खरी गोम. म्हणून मी तिघांनाही त्या गुरुवारच्या तराजूत तोलतो.

आधी जिम. वजन वाढवण्याची सोय जिमइतकी कुठेच नाही. बारला दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावली की अडीच किलो वाढले. इतकी बारीक पायरी घरी बांधणं कठीण. पाठीसाठी वरून ओढायचं मशीन, पायांसाठी लेग प्रेस, हे ९०-९५ किलोच्या माणसाला वरदान आहे, कारण एवढ्या वजनाने तो स्वतःला बारवर खेचू शकत नाही. शिवाय आजूबाजूला चार माणसं घाम गाळताहेत म्हटल्यावर आपणही एक सेट (एका दमातला फेरा) जास्त मारतो.

आता माझी हजेरी ऐका. वर्षाचे ९,००० एकदम भरले, कारण महिन्याने महाग पडत होतं. पहिल्या दोन महिन्यांत ३१ दिवस गेलो. पुढच्या दहा महिन्यांत २२. जिम घरापासून फार लांब नव्हती, पण त्रिमूर्ती चौकातून जायला लागायचं, आणि संध्याकाळी सात ते नऊ बेंचवर नंबर लावावा लागायचा. फर्स्ट शिफ्टला जमायचं, सेकंडला सकाळी ओढूनताणून, थर्डला अजिबात नाही. गाडी काढून परत बाहेर पडायचं या विचारानेच पाय जड व्हायचे. आत गेल्यावर कसरत पाऊण तासाची, पण कपडे, बाटली, पार्किंग, गप्पा धरून दीड तास जायचा.

दुसरी तक्रार ट्रेनरची. माणूस मनाने चांगला, पण "वजन कमी करायचंय" म्हटल्याबरोबर त्याने मला हलक्या डंबेलचे पंचवीस-पंचवीस रेप्स (एका सेटमध्ये जितक्यांदा उचलायचं ते) आणि उड्या लावल्या, आणि वर चरबी जाळणारी पावडर विकायला बघितलं. वजन उतरवताना नेमकं उलटं करायचं असतं. चरबी जाते ती मुख्यतः ताटातून. वजन उचलायचं ते स्नायू राखायला, आणि त्यासाठी ते पुरेसं जड हवं: आठ-दहा रेप्सनंतर वाटलं पाहिजे की अजून फार तर दोन निघतील. अंगात जोर नसेल त्या आठवड्यात सेट चाराचे दोन करा, वजन शक्यतो तेवढंच ठेवा. ताकद कमवायला जितकं काम लागतं त्यापेक्षा ती टिकवायला बरंच कमी पुरतं. हे मला कळायला वर्ष गेलं. आधी कळलं असतं तर त्या २२ दिवसांचे सहज ५० झाले असते, कारण "आज पूर्ण होणार नाही, मग कशाला जा" म्हणून मी निम्मे दिवस बुडवले.

तालमीत मी चार महिने होतो, तेही आईच्या आजारपणात पंचवटीतल्या जुन्या घरी राहायला गेलो म्हणून. गल्लीच्या टोकाला तालीम, फी नावापुरती, पहाटे साडेपाचला दार उघडायचं. आत मारुतीची तसबीर, तेलाचा आणि मातीचा मिळून एक वास, कोपऱ्यात मुदगल. वस्ताद सत्तरीचे. मोजणी मोठ्याने करायचे आणि एकोणीसनंतर परत सतरा म्हणायचे, मुद्दाम. दोन दिवस दिसलो नाही तर तिसऱ्या दिवशी खिडकीखालून हाक यायची. नियमितपणासाठी याला तोड नाही. जिमच्या ॲपवर येणाऱ्या सूचनेला कोण विचारतो? वस्तादांच्या हाकेला ओ द्यावीच लागते. (आपल्या जिल्ह्याचा एक अभिमान: मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला शरण गेले आणि तिथे त्यांना ही विद्या स्फुरली, अशी आख्यायिका वस्ताद दर शनिवारी सांगायचे. दर वेळी थोडी वेगळी.)

पण वजन उतरवणाऱ्यासाठी तालमीत दोन खाचखळगे आहेत. पहिला गणिताचा. जोर-बैठकांत आपलं शरीर हेच वजन. साध्या पुशअपमध्ये अंगाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. मी ९१ चा होतो तेव्हा साठेक किलो, ७९ चा झाल्यावर बावन्नच्या आसपास. म्हणजे तेच वीस जोर आता आठ किलोने हलके झाले. आपल्याला वाटतं ताकद वाढली; खरं तर ओझं घटलं. त्यावर उपाय आहे: जोर सावकाश काढा, खाली दोन क्षण थांबा, पाठीवर पिशवी घ्या. तालमीत मात्र उपाय एकच, संख्या वाढवा. शंभराच्या दोनशे बैठका. इतक्या वजनाने रोज दोनशे बैठका मारून माझा उजवा गुडघा बोलायला लागला, तो पुढे दोन महिने बोलत होता.

दुसरा खळगा खुराकाचा. कसरत झाली की बदाम घोटलेलं दूध, वर तुपाची धार, आणि आग्रह. कुस्तीगीर पोरांना ते हवंच, माझ्यासारख्याने तो पेला घेतला की दिवसभराची कपात तिथेच भरून निघायची. "नको" म्हटलं तर वस्तादांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघवत नसे. आणि थर्ड शिफ्टच्या गुरुवारी साडेपाचला मी कारखान्यात असायचो, त्यामुळे महिन्यातला एक आठवडा तालीम बंदच.

बागेतल्या ग्रीन जिमबद्दल बरेच जण विचारतात. सांधे मोकळे करायला आणि आईवडिलांना सोबत न्यायला छान. ताकदीसाठी त्यावर विसंबू नका. बहुतेक यंत्रांत वजन वाढवताच येत नाही, आणि आमच्या बागेतल्या दोनांचे बेअरिंग गेलेले आहेत.

उरलं घर. मी तिथेच स्थिरावलो, पण पहिले तीन महिने तेही वाया गेले. जुना सेट ४,२०० ला मिळाला: दोन दांडे, ४० किलोच्या लोखंडी प्लेटा, वर एक रबरी पट्टा. सेट दिवाणाखाली सरकवला आणि तो तिथेच राहिला. घरात कोणी बघत नाही हे घरच्या व्यायामाचं सुख आणि तोच त्याचा घात. जिमला निदान पैसे भरल्याची टोचणी असते.

बदल केला तो एवढाच: डंबेल दिवाणाखालून काढून गॅलरीच्या दारात ठेवले. चपला काढल्या की पायाला लागतील असे. बायको चिडली, दोनदा अडखळली, तरी ते तिथेच आहेत. दांड्याच्या नटाची करकर खालच्या काकूंना पहाटे ऐकू जाते म्हणून वजन आदल्या रात्रीच लावून ठेवतो आणि खाली जुनी सतरंजी चौघडी घालतो. हिवाळ्यात निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत लोखंड हाताला चावतं. तेवढ्यापुरते हातमोजे.

व्यायाम पाचच प्रकारचे. एक पाय मागे दिवाणावर टेकवून पुढच्या पायाने बसणं-उठणं. पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून डंबेल उचलणं. एका हाताने खुर्चीला टेकून दुसऱ्याने डंबेल कमरेकडे ओढणं. जोर. आणि उभ्याने डंबेल डोक्यावर. वीस किलोचं डंबेल दोन पायांना लवकर हलकं पडतं, पण एकाच पायावर आलो की वर्षभर पुरून उरतं. घरची खरी उणीव पाठीची आहे, कारण वरून खाली ओढायला काही नसतं. रबरी पट्टा ग्रिलला अडकवून मी ते अर्धंमुर्धं भागवतो. आठवड्यातून तीन दिवस, ३५ मिनिटं. कालनिर्णयावर खूण, आणि वहीत वजन आणि रेप्स.

ही वही तिन्ही ठिकाणी लागते. नवीन कसरत सुरू केली की पहिले दोन-तीन आठवडे स्नायू पाणी धरतात आणि काटा हलत नाही. बहुतेक जण नेमके तिथेच सोडतात. काटा दगड झाला तरी कंबर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि वही बघा. वजन घटतंय आणि डंबेलचा आकडा टिकून आहे, तर जातेय ती चरबी. काटा भराभर खाली आणि डंबेलही खाली, तर ताटात काहीतरी कमी पडतंय. आठवड्याला अंगाच्या वजनाच्या एका टक्क्याहून जास्त उतरत असेल तर थोडं खा.

बहुतेकदा कमी पडतं ते प्रोटीन. आयसीएमआरच्या पोषण संस्थेचा रोजचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण तो सर्वसाधारण निरोगी माणसासाठी. वजन उतरवत कसरत करणाऱ्यांना दीडच्या आसपास धरायला सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारा, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जड उचलण्याआधीही. माझा हिशेब: चार अंडी २४, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, दोन वाट्या उसळ किंवा वरण १४, अर्धा लिटर दूध-दही १६. पोळ्या धरून शंभरच्या वर जातं. रविवारची मिसळ सोडलेली नाही. मटकीने माझं कधी वाकडं केलं नाही, तर्रीवरचं तेल आणि तिसरा-चौथा पाव यांनी केलं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन मात्र कसरत करू नका असं सांगेन. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य, आणि दोन तासांत पुन्हा भूक.

तर कोणी काय निवडावं? ड्यूटीची वेळ पक्की आहे आणि जिम रोजच्या वाटेवरच आहे, त्याने डोळे झाकून जिम लावावी. एकदम वर्षाचे मात्र भरू नयेत, तीन महिन्यांचे भरून हजेरी मोजावी. पाळ्या बदलतात, घरात लहान मूल आहे, किंवा संध्याकाळ आपल्या मालकीची नाही (हे मी बहुतेक बायकांबद्दल बोलतोय), तिथे घर. एकट्याने काहीच होत नाही, कोणीतरी हाक मारायला लागतं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर चांगला वस्ताद आहे, तर तालीम; बैठका बेताच्या मारा आणि बदामाच्या पेल्याबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला.

बसमधल्या पोराला मी घर सुचवलं होतं. त्याने ऐकलं नाही, जिम लावली. मी विचारलं, "त्या गुरुवारचं काय?" तर म्हणाला, "दादा, आपली बस मला जिथे सोडते ना, समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. घरी जाऊन परत निघायचंच नाही." परवा थर्ड सुटल्यावर बस थांबली, हा बॅग खांद्याला लावून उतरला आणि टिफिनचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, "घरी टाकाल का जाताजाता? वर जागा नसते ठेवायला."